अचूकतेचे आकडे आणि न दिसणारी हानी : संमिश्र पदार्थांतील आघातजन्य हानीच्या स्वयंचलित प्रतिमाधारित शोधाचा चिकित्सक परामर्श

सारांश

कार्बन तंतूंनी प्रबलित केलेल्या संमिश्र पदार्थांवर आघात झाल्यास होणारी हानी बहुधा पृष्ठभागाखाली दडलेली असते. तिचा शोध प्रतिमांच्या साहाय्याने आणि संगणकाकडून आपोआप घेण्याच्या पद्धतींवर गेल्या दशकात विपुल संशोधन झाले आहे. या लेखनात यशाचे प्रमाण बहुधा 'अचूकता' या एकाच टक्केवारीने सांगितले जाते. ही टक्केवारी निदानाच्या विश्वासार्हतेचे माप होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी हानीचे स्वरूप, प्रतिमेच्या मर्यादा, नमुन्यांची निवड आणि २००३ सालच्या कोलंबिया अवकाशयानाच्या दुर्घटनेतील अनुभव यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : संमिश्र पदार्थ, आघातजन्य हानी, थरांचे विलगीकरण, विनाशविरहित परीक्षण, डीप लर्निंग, शोधाची संभाव्यता.

१. प्रस्तावना

विमानबांधणीत ॲल्युमिनियमची जागा काही प्रमाणात संमिश्र पदार्थांनी घेतली आहे. २०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोईंग ७८७ या विमानाच्या वजनाचा सुमारे ५० टक्के आणि २०१५ साली सेवेत आलेल्या एअरबस ए३५० या विमानाच्या वजनाचा सुमारे ५३ टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. भारतीय बनावटीच्या तेजस या लढाऊ विमानातही हे प्रमाण सुमारे ४५ टक्के आहे. हलकेपणा, गंजरोधकता आणि थकव्याला तोंड देण्याची क्षमता हे या पदार्थांचे गुण सर्वश्रुत आहेत. त्यांचा दोष मात्र तितकासा परिचित नाही. धातूचा पत्रा आघाताने चेपतो आणि आपली हानी उघडपणे दाखवतो. संमिश्र पदार्थ ती लपवतो.

ही लपलेली हानी शोधून काढण्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, वेळ आणि खर्च लागतो. म्हणूनच छायाचित्रे, उष्णताचित्रे किंवा अल्ट्रासॉनिक आलेख संगणकाला देऊन हानी आपोआप ओळखण्याची कल्पना आकर्षक ठरली. २०१२ नंतर प्रतिमा ओळखण्याच्या क्षेत्रात बहुस्तरीय न्यूरल नेटवर्कनी जी झेप घेतली, तिचा प्रभाव या विषयावरही पडला. आज अभियांत्रिकी महाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रकल्पांत हा विषय वारंवार आढळतो. अशा प्रकल्पांचे मार्गदर्शन आणि शोधनिबंधांचे परीक्षण आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांना करावे लागते. त्या दृष्टीने या लेखनाकडे चिकित्सक नजरेने पाहणे अगत्याचे आहे. येथे कोणत्याही एका संशोधकाचे दोषदिग्दर्शन करण्याचा हेतू नाही. विचार करावयाचा आहे तो या लेखनात रूढ झालेल्या मूल्यमापनाच्या पद्धतीचा.

२. हानीचे स्वरूप

कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांचे पातळ थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून संमिश्र पट्टी तयार होते. तंतूंच्या दिशेने ती अत्यंत मजबूत असते, परंतु दोन थरांमधील बंध केवळ राळेवर अवलंबून असल्यामुळे जाडीच्या दिशेने ती दुर्बळ असते. हातातून निसटलेले अवजार, धावपट्टीवरून उडालेला खडा किंवा गारा यांचा आघात झाला की प्रथम राळेत सूक्ष्म तडे जातात. हे तडे दोन थरांच्या सीमेपर्यंत पोहोचले की थर एकमेकांपासून सुटू लागतात. यालाच डिलॅमिनेशन किंवा थरांचे विलगीकरण म्हणतात. आघाताची ऊर्जा आणखी वाढल्यास तंतू तुटतात.

या विलगीकरणाचा विस्तार आघाताच्या बाजूकडून मागील बाजूकडे शंकूप्रमाणे वाढत जातो. परिणामी समोरच्या पृष्ठभागावर केवळ बारीकसा खळगा दिसत असताना आत त्याच्या कितीतरी पट क्षेत्रफळातील थर सुटलेले असू शकतात. सुटलेले थर दाबाखाली स्वतंत्रपणे वाकतात आणि पट्टीची दाब सहन करण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात घटते. शिवाय हा खळगासुद्धा कायम राहत नाही. काळ, उष्णता आणि आर्द्रता यांमुळे तो हळूहळू उथळ होतो. म्हणजे हानीची उघड खूण पुसट होते, हानी मात्र तशीच राहते.

अभियांत्रिकी परिभाषेत या प्रकाराला 'जेमतेम दिसणारी आघातजन्य हानी' असे म्हटले जाते. अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने २००९ साली प्रसृत केलेल्या एसी २०-१०७बी या मार्गदर्शक पत्रकात हानीचे पाच वर्ग केले आहेत. नेहमीच्या तपासणीत सुटून जाईल अशी हानी पहिल्या वर्गात येते. ती असतानाही रचनेने अंतिम भार पेलला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. दुसऱ्या वर्गातील हानी ठरावीक मुदतीच्या तपासणीत सापडावी, तर तिसऱ्या वर्गातील हानी मोठी आणि उघड असल्यामुळे काही उड्डाणांच्या आत जमिनीवरील कर्मचाऱ्यांच्या लक्षात यावी, असे गृहीत धरलेले आहे. याचा अर्थ असा की विमानाची सुरक्षितता 'कोणती हानी केव्हा सापडेल' या गृहीतकावर उभी आहे. शोधाची पद्धत बदलली की सुरक्षिततेच्या या हिशेबाचा पायाच बदलतो. स्वयंचलित शोधाविषयीचा दावा म्हणूनच केवळ संगणकशास्त्रातील दावा राहत नाही.

३. प्रतिमा काय दाखवते?

'प्रतिमाधारित' या एका विशेषणाखाली परस्परांपासून फार भिन्न अशी साधने एकत्र आणली जातात. साधे छायाचित्र पृष्ठभागच दाखवते. काचतंतूंचा पदार्थ काही प्रमाणात प्रकाश आरपार जाऊ देतो, त्यामुळे त्यातील विलगीकरण पांढुरक्या डागाच्या रूपाने दिसू शकते. कार्बन तंतूंचा पदार्थ मात्र अपारदर्शक असल्यामुळे तेथे ही सोय नाही. त्यावर रंगाचा लेप असेल तर खळग्याची सावलीही प्रकाशाच्या कोनावर अवलंबून राहते.

उष्णताचित्रणात पृष्ठभागाला क्षणिक उष्णता देऊन तो कसा थंड होतो हे पाहतात. विलग झालेल्या थरांमधील हवेमुळे उष्णतेचा प्रवाह अडतो आणि त्या जागी पृष्ठभाग अधिक काळ उष्ण राहतो. तथापि दोषाची रुंदी त्याच्या खोलीच्या मानाने लहान असेल तर उष्णता आजूबाजूला पसरते आणि दोष दिसत नाही. अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन अधिक खोलवर पाहतो, परंतु परावर्तित तरंगांच्या पद्धतीत वरचे विलगीकरण खालच्या विलगीकरणांना झाकून टाकते. क्ष-किरण सीटी सर्वाधिक तपशील देते, मात्र ती लहान नमुन्यांसाठीच सोयीची आहे. विमानाचा संपूर्ण पंख तिच्याखाली ठेवता येत नाही.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. संगणकाला शिकवताना 'येथे हानी आहे' आणि 'येथे नाही' असे सांगणारी खूण कोणी आणि कशाच्या आधारे केली? छायाचित्रे पाहून माणसाने खुणा केल्या असतील, तर संगणक फार तर त्या माणसाच्या नजरेचे अनुकरण करील. त्या नजरेतून जे निसटले ते शिकवणीतही 'निर्दोष' म्हणूनच गेले. चाचणीच्या नमुन्यांवरील खुणाही त्याच नजरेने केल्या असल्यामुळे ही चूक आकड्यांत कोठेही प्रकट होत नाही. छायाचित्राच्या निदानाची शहानिशा सी-स्कॅनने, सी-स्कॅनची सीटीने किंवा नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली असेल, तरच निदानाला स्वतंत्र साक्ष मिळाली असे म्हणता येईल.

४. 'अचूकता' या शब्दाची चिकित्सा

एकूण निर्णयांपैकी बरोबर आलेल्या निर्णयांची टक्केवारी म्हणजे अचूकता. ही व्याख्या साधी आहे आणि तेथेच तिचा धोका आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तपासणीच्या १०,००० जागांपैकी २० जागी खरी हानी आहे. एखादी प्रणाली हानीच्या १०० जागांपैकी ९५ ओळखते आणि निर्दोष १०० जागांपैकी ९८ निर्दोष ठरवते. ही कामगिरी कोणालाही उत्तम वाटेल. या प्रणालीला २० पैकी १९ हानी सापडतील. त्याच वेळी ९,९८० निर्दोष जागांपैकी सुमारे २०० जागी ती खोटा इशारा देईल. म्हणजे एकूण सुमारे २१९ इशाऱ्यांपैकी केवळ १९ खरे असतील. बारा इशाऱ्यांमागे अकरा खोटे, असे हे प्रमाण पडते.

या प्रणालीची अचूकता सुमारे ९८ टक्के भरते. आता दुसऱ्या एका प्रणालीचा विचार करू, जी प्रतिमेकडे न पाहताच प्रत्येक जागा निर्दोष असल्याचे सांगते. तिची अचूकता ९९.८ टक्के येते. एकही हानी न शोधणारी प्रणाली १९ हानी शोधणाऱ्या प्रणालीपेक्षा सरस ठरवणारे हे माप आहे. एवढ्या एका उदाहरणावरूनही त्याची अपुरी योग्यता ध्यानात यावी.

प्रयोगशाळेत ही विसंगती सहसा उघड होत नाही, कारण तेथे हानिग्रस्त आणि निर्दोष प्रतिमा जवळजवळ समप्रमाणात गोळा केलेल्या असतात. प्रत्यक्ष हँगरमध्ये हे प्रमाण तसे नसते. समप्रमाणात मिळवलेला आकडा विषम प्रमाणाच्या परिस्थितीला जसाच्या तसा लावणे हा तर्कदोष आहे. शिवाय दोन प्रकारच्या चुकांचे मोलही समान नाही. खोट्या इशाऱ्याने वेळ आणि पैसा जातो, तर सुटलेल्या हानीने माणसे जाऊ शकतात. अचूकतेच्या टक्केवारीत या दोन्ही चुका एकाच रकान्यात जमा होतात.

विनाशविरहित परीक्षणाच्या क्षेत्रात याहून कसोशीचे माप फार पूर्वीपासून वापरात आहे. अमेरिकी संरक्षण विभागाच्या मिल-एचडीबीके-१८२३ए या २००९ सालच्या पुस्तिकेत शोधाच्या संभाव्यतेची पद्धत तपशीलवार दिलेली आहे. तीत 'किती टक्के बरोबर' हा प्रश्न विचारला जात नाही. 'कोणत्या आकाराची हानी ९० टक्के संभाव्यतेने सापडते, आणि हे विधान ९५ टक्के खात्रीने करता येते का' असा प्रश्न विचारला जातो. हानीचा आकार या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे, कारण मोठी हानी कोणालाही सापडते. डीप लर्निंगवरील निबंधांत हा आकाराचा धागा अनेकदा हरवलेला दिसतो. सर्व आकारांच्या हानींची सरसकट बेरीज केली की मोठ्या हानींचे यश लहान हानींचे अपयश झाकते.

५. नमुन्यांच्या संख्येचा आभास

वरील कसोटीसाठी किती नमुने लागतात याचे एक परिचित गणित आहे. एका विशिष्ट आकाराच्या २९ स्वतंत्र हानी तपासल्या आणि सर्वच्या सर्व २९ सापडल्या, तरच ९५ टक्के खात्रीने ९० टक्के संभाव्यता सिद्ध होते. एक जरी सुटली तरी ४६ पैकी ४५ सापडाव्या लागतात. ही संख्या फार मोठी नाही, परंतु यातील 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे.

प्रस्तुत लेखकाला काही काळापूर्वी एका पदव्युत्तर प्रकल्पाचे परीक्षण करण्याचा योग आला. विद्यार्थ्याने हजाराहून अधिक प्रतिमांवर काम केले होते आणि ९९ टक्के अचूकता नोंदवली होती. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की त्या सर्व प्रतिमा मोजक्या सहा पट्ट्यांच्या सी-स्कॅनचे तुकडे होते. तुकडे फिरवून, उलटवून त्यांची संख्या वाढवली होती आणि त्यानंतर त्यांची शिकवण व चाचणी अशी यादृच्छिक विभागणी केली होती. साहजिकच एकाच हानीचा एक तुकडा शिकवणीत आणि शेजारचा तुकडा चाचणीत गेला होता. ज्या प्रश्नांची उत्तरे वर्गात लिहून दिली तेच प्रश्न परीक्षेत विचारण्यासारखा हा प्रकार होता. एक संपूर्ण पट्टी बाजूला ठेवून चाचणी पुन्हा घेण्यास सुचवले, तेव्हा आकडा लक्षणीय प्रमाणात खाली आला. विद्यार्थी प्रामाणिक होता. कमी आलेला आकडा प्रबंधातून गाळावा काय, असे त्याने संकोचाने विचारले. वास्तविक संपूर्ण प्रबंधात विश्वास ठेवण्याजोगे तेच एक पान होते. त्याला तसा संकोच वाटावा, ही आपण निर्माण केलेल्या वातावरणाची खूण आहे.

प्रमाणित चाचणीही या बाबतीत नकळत दिशाभूल करू शकते. एएसटीएम डी७१३६ या प्रचलित मानकानुसार १०० गुणिले १५० मिलिमीटरच्या पट्टीच्या मध्यभागी १६ मिलिमीटर व्यासाच्या अर्धगोलाकार टोकाचे वजन सोडले जाते. पदार्थांची परस्परतुलना करण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. परंतु तिच्यातून मिळालेल्या प्रत्येक चित्रात हानी मध्यभागी असते आणि तिचा आकारही एकाच साच्यातला असतो. आघात झालेल्या पट्टीवर पकडीच्या खुणा असतात, न झालेल्या पट्टीवर नसतात. अशा चित्रांवरून संगणक हानीऐवजी 'मध्यभागाचा डाग' किंवा 'पकडीची खूण' शिकला, तरी अचूकता उत्तमच येणार.

विमानतळावरील वास्तव याहून निराळे आहे. तेथे सामान चढवणाऱ्या वाहनाचा रबरी कठडा विमानाच्या अंगाला हळूच पण जोराने रेटला जातो. अशा बोथट आणि विस्तृत आघाताचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी केला आहे. बाहेरून फारसे काही न दिसता आतील आधारपट्ट्या व सांगाडा यांना मोठी इजा होऊ शकते, असे त्यातून दिसून आले. १६ मिलिमीटरच्या टोकावर शिकलेली प्रणाली या हानीविषयी काय सांगेल, याचे उत्तर प्रयोगशाळेतील अचूकतेत नाही.

६. कोलंबिया : प्रतिमा होती, निर्णय नव्हता

शिकलेल्या मर्यादेबाहेर साधन वापरल्यास काय घडते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण डीप लर्निंगच्या आधीच्या काळातील आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फेसाचा सुमारे पाऊण किलो वजनाचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला. ही कड कार्बन तंतू आणि कार्बनचाच आधारद्रव्य म्हणून उपयोग केलेल्या संमिश्र पदार्थाची होती. विमानातील कार्बन-इपॉक्सीहून हा पदार्थ वेगळा असला, तरी आघाताने झालेली हानी बाहेरून समजण्याचा प्रश्न तोच होता.

आघाताचे चित्रण उपलब्ध होते आणि दुसऱ्याच दिवशी ते तज्ज्ञांच्या दृष्टीस पडले. परंतु सोयीच्या कोनातील कॅमेऱ्याचे चित्र अस्पष्ट होते आणि इतर चित्रणातून आघात दिसत असला तरी हानी दिसत नव्हती. कक्षेत असलेल्या यानाची अधिक स्पष्ट छायाचित्रे मिळावीत म्हणून अभियंत्यांनी केलेल्या विनंत्या फलद्रूप झाल्या नाहीत.

दरम्यान उष्णतारोधक फरशांच्या हानीचा अंदाज 'क्रेटर' नावाच्या गणितीय साधनाने बांधला गेला. हे साधन अगदी लहान तुकड्यांच्या आघातांवर पारखलेले होते. कोलंबियावर आदळलेला तुकडा आकारमानाने त्यांच्या शेकडो पट मोठा होता. तरीही त्या साधनाने फरशीच्या जाडीहून अधिक खोल हानीचे भाकीत केले होते. पण क्रेटर नेहमी वाढवून सांगते, असा अनुभव असल्यामुळे त्या भाकिताला फारसे वजन दिले गेले नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीच्या वातावरणात परतताना यान नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ७ जुलैला सॅन अँटोनिओ येथे झालेल्या चाचणीत तशाच कडेच्या भागावर फेसाचा तुकडा मारला असता सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे भगदाड पडले.

चौकशी मंडळाच्या ऑगस्ट २००३ मधील अहवालात या घटनाक्रमाची व्यवस्थापकीय आणि तांत्रिक मीमांसा आहे. आपल्या विषयापुरता त्यातून तीन गोष्टींचा बोध घेता येतो. पहिली, आघाताची प्रतिमा म्हणजे हानीची प्रतिमा नव्हे. दुसरी, मर्यादित नमुन्यांवर पारखलेले साधन त्या मर्यादेबाहेर उत्तर तर देते, पण ते उत्तर कितपत ग्राह्य हे सांगत नाही. तिसरी, अतिरंजित इशारे देण्याचा लौकिक असलेल्या साधनाचा गंभीर इशाराही ऐकला जात नाही. बारा इशाऱ्यांपैकी अकरा खोटे देणाऱ्या प्रणालीसमोर बसलेला तंत्रज्ञ काही महिन्यांत काय करू लागेल, याची कल्पना यावरून करता येते.

दुर्घटनेनंतर नासाने पंखांच्या कडांत आघात नोंदवणारे संवेदक बसवले आणि जुलै २००५ मधील उड्डाणापासून लांब दांड्यावरील लेसर उपकरणे व कॅमेऱ्याने कक्षेतच पाहणी सुरू केली. एकाच प्रतिमेवर विसंबण्याऐवजी परस्परांहून भिन्न साक्षी जुळवण्याचा हा मार्ग होता.

७. स्वयंचलनाची जमेची बाजू

येथवरच्या विवेचनावरून स्वयंचलित शोधच निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मानवी तपासणीही निर्दोष नाही. निरीक्षक थकतो, प्रकाश बदलतो, आणि एकाच सी-स्कॅनचे वाचन दोन तज्ज्ञ दोन प्रकारे करतात. मोठ्या पृष्ठभागाच्या अल्ट्रासॉनिक तपासणीतून निर्माण होणारी माहिती डोळ्यांखालून घालणे कंटाळवाणे आहे आणि कंटाळा हा दक्षतेचा शत्रू आहे. संगणक थकत नाही, तोच निकष प्रत्येक वेळी लावतो, मागील तपासणीशी तुलना करतो आणि संशयास्पद जागा प्राधान्याने पुढे आणतो. तज्ज्ञाची दृष्टी कोठे वळावी हे सुचवणारा सहायक म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो सहायकाला न्यायाधीश ठरवणाऱ्या भाषेवर.

८. परीक्षकाने विचारावयाचे प्रश्न

या विषयावरील प्रकल्प किंवा शोधनिबंध समोर आल्यास मार्गदर्शकाने आणि परीक्षकाने पुढील बाबींची विचारणा अवश्य करावी, असे सुचवावेसे वाटते. प्रतिमा किती आहेत यापेक्षा स्वतंत्र पट्ट्या आणि स्वतंत्र आघात किती आहेत? शिकवण आणि चाचणी यांची विभागणी पट्टीनिहाय केली आहे काय? हानीच्या खुणा कोणत्या स्वतंत्र पद्धतीने पडताळल्या? सुटलेल्या हानी आणि खोटे इशारे वेगवेगळे दिले आहेत काय? सुटलेल्या हानींचे आकार व खोली कोणती होती? शिकवणीत नसलेल्या आकाराचे टोक, निराळी जाडी किंवा रंग दिलेला पृष्ठभाग यांवर चाचणी घेतली आहे काय? यांतील एकाही प्रश्नाला महागडे उपकरण लागत नाही. लागते ती थोडी शिस्त, आणि कमी आलेला आकडा छापण्याची तयारी.

हा शेवटचा मुद्दा आपल्यावर अवलंबून आहे. ९९ टक्क्यांना शाबासकी आणि ८२ टक्क्यांना नकार हे धोरण ठेवून नियतकालिके चालवली, तर संशोधक ९९ टक्केच आणून देतील. आकडा कसा मिळाला याला गुण दिले, तर तो घटेल, पण त्याचा अर्थ वाढेल.

९. समारोप

संमिश्र पदार्थातील आघातजन्य हानीचा प्रश्न मुळात न दिसणाऱ्या गोष्टीविषयी विधान करण्याचा प्रश्न आहे. अशा विधानाची किंमत ते किती वेळा बरोबर आले यावर जेवढी, त्याहून अधिक ते कोठे चुकते हे आपल्याला किती नेमके ठाऊक आहे यावर ठरते. हानीच्या आकारानुसार शोधाची संभाव्यता, स्वतंत्र नमुने आणि स्वतंत्र पडताळणी या तीन गोष्टी नसतील, तर अचूकतेची कोणतीही टक्केवारी विमानाच्या पंखाविषयी फारसे काही सांगत नाही. ती सांगते ते एका विशिष्ट चित्रसंग्रहाविषयी. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवणे हे अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाचे काम आहे, तसेच संख्याशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यांचेही आहे. विषय बहुविद्याशाखीय असल्याचे आपण म्हणतो. त्याची चिकित्साही तशीच, सर्वांनी मिळून केली पाहिजे.